पगार थकला आणि रोम लुटले गेले : सेनापती गेऑर्ग फोन फ्रुंड्सबर्ग आणि त्याचे घराणे



गेल्या महिन्यात युवकांच्या सभेत पोपमहोदयांच्या स्विस गार्डचा विषय निघाला. नवीन शिपाई परंपरेने ६ मे या दिवशी शपथ घेतात, असे मी सांगितले. एका मुलाने विचारले, "फादर, ६ मेच का?" मी तोंड उघडण्यापूर्वीच दुसरा म्हणाला, "त्या दिवशी प्रोटेस्टंटांनी रोमवर हल्ला केला होता. तेव्हा स्विस गार्डनी पोपना वाचवले."

उत्तर अर्धे बरोबर होते. ६ मे १५२७ रोजी रोमवर हल्ला झाला, १८९ स्विस शिपायांपैकी १४७ जण त्या दिवशी मारले गेले आणि उरलेल्या ४२ जणांनी पोप सातवे क्लेमेंट यांना भिंतीवरच्या वाटेने कास्तेल सांत आंजेलो किल्ल्यात सुखरूप पोहोचवले. पण हल्ला करणारे सैन्य कोणाचे होते? ते पाचव्या चार्ल्सचे होते, म्हणजे कॅथलिक सम्राटाचे. त्या सैन्यात स्पेनचे कॅथलिक होते, इटलीचे कॅथलिक होते आणि जर्मनीतून आलेले हजारो भाडोत्री शिपाई होते. त्या जर्मनांपैकी बरेच ल्यूथरच्या बाजूचे होते हे खरे, पण रोमची दारे फोडली ती केवळ धर्ममतासाठी नव्हे. कित्येक महिने त्यांना पगार मिळाला नव्हता.

या जर्मन शिपायांना आल्प्स पर्वत ओलांडून इटलीत आणणारा सेनापती म्हणजे गेऑर्ग फोन फ्रुंड्सबर्ग. त्याच्याविषयी आपल्याकडे मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. तो संत नव्हता, आणि त्याला राक्षस म्हणणेही योग्य होणार नाही. त्याच्या आयुष्याकडे पाहताना आपल्या मनातले काही सोपे हिशेब चुकतात, म्हणून आजचा हा अभ्यास.

मिंडेलहाइमचे घराणे

फ्रुंड्सबर्ग हे मूळचे टिरोलमधील सरदारांचे घराणे. इन नदीच्या खोऱ्यात श्वात्स गावाजवळ त्यांचा जुना किल्ला होता. १४६७ साली त्यांनी दक्षिण जर्मनीतील स्वाबिया प्रांतात मिंडेलहाइम ही जहागीर घेतली. तेथील किल्ल्यावर २४ सप्टेंबर १४७३ रोजी गेऑर्गचा जन्म झाला. वडील उलरिख हे स्वाबियन संघाचे, म्हणजे त्या भागातील शहरे, सरदार आणि मठ यांनी मिळून केलेल्या संरक्षण-संघाचे, एक कप्तान होते. आई बार्बरा ही रेखबर्ग घराण्यातील. फ्रुंड्सबर्ग घराण्यातील एक पुरुष पंधराव्या शतकाच्या अखेरीस ट्रेंटचा बिशप होता. पुढे ज्या शहरात ख्रिस्तसभेची सुप्रसिद्ध महासभा भरली तेच हे ट्रेंट. एक मुलगा तलवारीकडे, दुसरा आल्ताराकडे, अशी त्या काळच्या सरदार घराण्यांची रीतच होती. आपल्याकडेही पूर्वी "एक मुलगा सेमिनरीत" असे म्हणत, पण आपल्याकडे निदान दुसरा शेतावर जायचा.

गेऑर्ग तरुणपणीच वडिलांच्या संघाच्या सैन्यात लढू लागला. १४९९ साली स्विस लोकांविरुद्ध झालेल्या युद्धात तो होता. त्या युद्धात जर्मनांचा सपाटून पराभव झाला आणि हा पराभव गेऑर्गचा खरा गुरू ठरला. घोड्यावर बसलेल्या लोखंडी कवचातल्या सरदारांपुढे डोंगरातले स्विस शेतकरी पायी उभे राहत. हातात सुमारे पाच मीटर लांबीचे भाले, खांद्याला खांदा, आणि चौकोनी जमाव एकदम पुढे सरकायचा. सरदाराचा घोडा त्या भाल्यांच्या काटेरी कुंपणात शिरतच नसे. सम्राट माक्सिमिलियनने हे ओळखले आणि जर्मन गावांतील साध्या माणसांचे असेच पायदळ उभे केले. त्यांना 'लँड्सक्नेख्ट' म्हणत. शब्दशः अर्थ, देशाचा सेवक. गेऑर्ग स्वतः सरदारपुत्र असून घोडा सोडून या माणसांबरोबर पायी चालला. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. १५०४ साली बव्हेरियातील वारसायुद्धात त्याने मोठे शौर्य गाजवले, तेव्हा माक्सिमिलियनने त्याला नाइट हा किताब दिला.

या शिपायांचे जग समजून घेतले पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. शिपायाला महिन्याला ४ गुल्डेन पगार ठरलेला असे. पहिल्या रांगेत उभा राहणारा, म्हणजे मरण्याची शक्यता सर्वांत जास्त असलेला, अनुभवी माणूस दुप्पट घेई. भाला, तलवार, कपडे सगळे स्वतःचे. सरकारी भटारखाना नाही, दवाखाना नाही, पेन्शन नाही. मागून बायका, पोरे, विक्रेते असा मोठा तांडा चाले. जेवण रांधणे, जखमा धुणे ही कामे त्या बायकाच करीत. पगार वेळेवर आला तर शिपाई गावातून पीठ, मांस, दारू विकत घेई. पगार आला नाही तर तेच पीठ तो गावातून फुकट घेई. म्हणजे राजाच्या तिजोरीतली तूट शेवटी कोण भरून काढी? वाटेवरचा शेतकरी.

लढाईपूर्वी हे लोक गुडघे टेकून प्रार्थना करीत आणि मग मूठभर माती खांद्यावरून मागे फेकीत. जगाची धूळ झटकली, आता मरायला मोकळे, असा त्याचा अर्थ सांगतात. गेऑर्ग या माणसांना 'माझी मुले' म्हणे आणि ती त्याला बाप मानीत. आजही जर्मन इतिहासात त्याला 'लँड्सक्नेख्टांचा बाप' म्हणतात. मला स्वतःला ही पदवी त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा अधिक विचार करायला लावते. कारण बाप म्हटले की घास भरवणे आले.

विजयांचा काळ

लढायांची यादी देऊन मी तुम्हांला कंटाळा आणणार नाही. १५१३ साली विचेन्झा शहराजवळ त्याने व्हेनिसच्या सैन्याचा पराभव केला. १५१९ साली वुर्टेम्बर्गच्या ड्यूकला हाकलून लावण्यात त्याचा हात होता.

१५२१ साली वर्म्स येथील सभेत मार्टिन ल्यूथर सम्राटापुढे उभा राहिला. त्या वेळी दारात गेऑर्गने ल्यूथरच्या खांद्यावर हात ठेवून, बाबा रे, तू जड वाटेने चालला आहेस, अशा अर्थाचे काही म्हटले, अशी एक गोष्ट जर्मनीत शाळेच्या पुस्तकांतूनही सांगितली जात असे. ही गोष्ट नंतरच्या काळातली आहे, तिला पक्का आधार नाही. नव्या मताविषयी त्याला सहानुभूती होती असे अनेक इतिहासकार मानतात. पण तो शेवटपर्यंत कॅथलिक सम्राटाच्याच चाकरीत राहिला. त्या पिढीतल्या पुष्कळ माणसांना आपण कोणत्या 'बाजूचे' हे अजून नीट ठरवताच आले नव्हते. ते ठरले ट्रेंटच्या महासभेनंतर.

२७ एप्रिल १५२२ रोजी मिलानजवळ बिकोका येथे गेऑर्गच्या माणसांनी आपल्या जुन्या गुरूंना, म्हणजे स्विसांना, हरवले. स्विस त्या वेळी फ्रान्सच्या राजाच्या पगारावर होते आणि तो पगार थकला होता. त्यांनी आपल्या फ्रेंच सेनापतीला सुनावले की एक तर पैसे द्या, नाहीतर घरी जाऊ द्या, नाहीतर ताबडतोब लढाई द्या. सेनापतीकडे पैसे नव्हते, म्हणून त्याने मनाविरुद्ध लढाई दिली. तटबंदीवर चालून गेलेले सुमारे ३ हजार स्विस अर्ध्या-पाऊण तासात पडले. ही घटना लक्षात ठेवा. पाच वर्षांनी हेच गेऑर्गच्या दारात येणार होते.

२४ फेब्रुवारी १५२५ या दिवशी पाविया येथे त्याचा सर्वांत मोठा विजय झाला. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस स्वतः कैद झाला. योगायोग असा की तो सम्राट चार्ल्सचा पंचविसावा वाढदिवस होता. त्या दिवशी फ्रेंचांच्या बाजूने लढणारी भाडोत्री जर्मन शिपायांची एक तुकडी होती, 'काळी तुकडी' म्हणून प्रसिद्ध. सम्राटाची आज्ञा मोडून ते शत्रूच्या पगारावर गेले म्हणून गेऑर्गच्या लोकांनी त्यांना दयामाया दाखवली नाही. भाषा एक, गावे शेजारची, आणि तरीही जवळजवळ सगळी तुकडी कापली गेली.

आपल्याच शेतकऱ्यांसमोर

पावियाहून परतल्यावर गेऑर्गला स्वतःच्या मुलखात वेगळेच दृश्य दिसले. जर्मनीत शेतकऱ्यांचे बंड पेटले होते. मिंडेलहाइमपासून काही तासांच्या वाटेवर असलेल्या मेमिंगेन शहरात मार्च १५२५ मध्ये शेतकऱ्यांनी आपल्या मागण्यांची बारा कलमे लिहिली होती. आम्हांला वेठबिगार समजू नका, जंगलातले लाकूड आणि नदीतले मासे आम्हांलाही मिळू द्या, आमचा धर्मगुरू आम्हांला निवडू द्या, खंड वाजवी असू द्या, असे त्यात होते.

येथे आपण धर्मगुरूंनी मान खाली घालून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या बंडाची एक मोठी ठिणगी केम्प्टेनच्या मठाच्या जमिनीवर पडली. तेथील मठाधिपती हे संस्थानिकही होते आणि त्यांनी पिढ्यान् पिढ्या मोकळ्या असलेल्या शेतकऱ्यांना हळूहळू कुळांच्याही खालच्या, बांधील दर्जाला आणले होते. हे संत बेनेडिक्टच्या नियमाखाली राहणारे लोक होते.

जुलै १५२५ मध्ये केम्प्टेनजवळ लोयबास येथे शेतकऱ्यांची मोठी फौज उभी होती. तिच्यात जुने लँड्सक्नेख्ट होते, ज्यांनी इटलीत गेऑर्गच्या हाताखाली भाले धरले होते. गेऑर्ग संघाच्या सैन्याबरोबर समोर उभा राहिला. मोठी लढाई झालीच नाही. त्याने त्यांच्या काही पुढाऱ्यांशी ओळखीचा धागा पकडून बोलणी केली, पैसेही दिले असे सांगतात, आणि शेतकऱ्यांची फौज विस्कटली. रक्तपात टळला म्हणून त्याचे कौतुक करणारे आहेत. पण फौज विस्कटल्यावर संघाने शिक्षा दिल्याच, पुढारी मारले गेले, घरे जळली. सबंध जर्मनीत या बंडात ७० हजार ते १ लाख माणसे मेली असा अंदाज आहे. 'माझी मुले' म्हणणाऱ्या बापाने त्या दिवशी कोणत्या मुलांची बाजू घेतली, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

अडतीस हजार गुल्डेन

आता १५२६. पावियात पकडलेल्या फ्रान्सिस राजाने सुटकेसाठी तह केला आणि सुटताच मोडला. त्याने मे महिन्यात पोप क्लेमेंट, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि मिलान यांच्याशी सम्राटाविरुद्ध युती केली. इटलीतील सम्राटाचे सैन्य अडचणीत आले. मदत पाठवायला हवी होती, पण सम्राट स्पेनमध्ये आणि तिजोरी रिकामी. सम्राटाचा भाऊ फर्डिनांड याच्याकडेही पैसे नव्हते, कारण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोहाचच्या लढाईत तुर्कांकडून हरून हंगेरीचा राजा मेला होता आणि सगळे लक्ष तिकडे होते.

तेव्हा ५३ वर्षांच्या गेऑर्गने स्वतःची जहागीर गहाण टाकली, कर्जे काढली, घरातली चांदीची भांडी आणि दागिने विकले. त्याची पहिली बायको काथारिना फोन श्रोफेनस्टाइन वारली होती. दुसरी बायको आन्ना ही इटलीच्या सीमेवरच्या लोद्रोन घराण्यातली. हा सौदा मान्य करताना तिच्या मनात काय आले असेल हे कोणी लिहून ठेवलेले नाही. घर चालवणाऱ्या स्त्रिया हे वाचत असतील तर त्यांना अंदाज बांधता येईल.

एवढे करून सुमारे ३८ हजार गुल्डेन जमले. त्याच्या नावावर विश्वास ठेवून थोड्या काळात सुमारे १२ हजार माणसे गोळा झाली. आता आपण चौथीच्या मुलासारखे गणित करू. १२ हजार माणसे, प्रत्येकी महिना ४ गुल्डेन. एका महिन्याचे ४८ हजार झाले. म्हणजे मिंडेलहाइमचा धनी आपले सर्वस्व विकून एका महिन्याचाही पूर्ण पगार देऊ शकत नव्हता. हे गणित त्याला येत नव्हते असे नाही. सम्राट पुढचे पैसे पाठवील, इटलीत काहीतरी मिळेल, अशी त्याची आशा होती. वाईट हेतूने नव्हे, आशेवर. जगातली पुष्कळ कर्जे अशीच होतात.

नोव्हेंबर १५२६ मध्ये ट्रेंटहून ही फौज निघाली. नेहमीच्या घाटवाटा शत्रूने रोखल्या होत्या, म्हणून ते लोद्रोन घराण्याच्या मुलखातून, इद्रो सरोवराकडे उतरणाऱ्या अवघड डोंगरवाटेने गेले. गेऑर्ग आता वजनाने भारी झाला होता आणि प्रकृतीही ठीक नव्हती. शिपायांनी आपले लांब भाले आडवे धरून त्याच्यासाठी कठडा केला, कोणी पुढून हात दिला, कोणी मागून आधार दिला आणि आपल्या 'बापाला' कडा उतरवले. हे वर्णन त्याचा चिटणीस आडाम राइसनर याने केले आहे. त्याने गेऑर्ग आणि त्याचा मुलगा कास्पार यांचा इतिहास लिहिला, तो १५६८ साली फ्रँकफर्टला छापला गेला.

२५ नोव्हेंबरला पो नदीजवळ गोव्हेर्नोलो येथे मेदिची घराण्यातील जोव्हान्नी हा इटलीचा सर्वांत धाडसी सरदार तोफेच्या गोळ्याने जखमी झाला आणि पाच दिवसांनी वारला. गेऑर्गला अडवू शकेल असा माणूस उरला नाही. फेब्रुवारी १५२७ मध्ये पिआचेन्झाजवळ त्याला सम्राटाचा दुसरा सेनापती, फ्रान्समधून फुटून आलेला ड्यूक चार्ल्स दे बूर्बाँ, येऊन मिळाला. त्याच्या स्पॅनिश शिपायांचाही पगार थकला होता. दोन उपाशी फौजा एकत्र आल्या.

१६ मार्च

बोलोन्याजवळ सान जोव्हान्नी या गावात पावसात, थंडीत, चिखलात छावणी पडली होती. तिकडे पोप क्लेमेंट यांनी सम्राटाच्या व्हाइसरॉयशी तह केला होता आणि सैन्याला ६० हजार डुकाट देऊन परत पाठवायचे ठरत होते. सैन्याची थकबाकी त्यापेक्षा कितीतरी जास्त होती. तहावर भरवसा ठेवून पोपमहोदयांनी आपले बरेच सैनिक कमी केले. पैसा वाचवण्यासाठीच. पुढे त्याची किंमत रोमने मोजली.

आधी स्पॅनिश शिपाई उठले. बूर्बाँला लपून बसावे लागले. मग १६ मार्चला जर्मन उठले. गेऑर्गने त्यांना वर्तुळात उभे केले आणि मध्ये जाऊन तो बोलू लागला. मुलांनो, मी तुम्हांला सोडून गेलेलो नाही, थोडा धीर धरा, अशा आशयाचे. उत्तरादाखल 'पैसे! पैसे!' असा ओरडा झाला आणि ज्या भाल्यांचा चार महिन्यांपूर्वी कठडा झाला होता, ते भाले त्याच्या छातीकडे वळले.

तो बोलता बोलता थांबला. जवळच्या एका नगाऱ्यावर मटकन बसला. वाचा गेली. पक्षाघाताचा झटका आला होता. राइसनर लिहितो की ते पाहून शिपाई शांत झाले, भाले खाली आले, काही जण रडले. पण पगार तर आलाच नाही. गेऑर्गला फेरारा शहरात नेले. तेथे तो एक वर्षाहून अधिक काळ अंथरुणाला खिळून होता.

सैन्य बूर्बाँबरोबर पुढे निघाले, दक्षिणेला, रोमकडे. त्यांना आता थांबवण्याची ताकद बूर्बाँकडेही नव्हती. ६ मेच्या पहाटे धुक्यात तटाला शिड्या लावताना तो पहिल्याच गोळीबारात मेला. मग सेनापती नसलेले सैन्य शहरात शिरले. त्या वेळी रोमची वस्ती सुमारे ५५ हजार होती. पुढचे वर्णन मी येथे देत नाही, हे पत्रक घरात लहान मुलेही वाचतात. चर्चेस लुटली गेली, कॉन्व्हेंटांतील धर्मभगिनी आणि इस्पितळातील रुग्ण यांनाही सोडले नाही. कॅथलिक स्पॅनिश शिपाई जर्मनांपेक्षा सौम्य होते असे कोणी लिहिलेले नाही. व्हॅटिकनमधील राफाएलच्या भित्तिचित्रावर एका शिपायाने तलवारीच्या टोकाने ल्यूथरचे नाव कोरले, त्याची खूण आजही आहे. पोपमहोदय जूनमध्ये शरण आले. त्यांच्याकडून ४ लाख डुकाट मागितले गेले.

त्या दिवसांत शिपायांच्या हाती सापडलेल्यांत एक धर्मगुरू होते. यांच्याकडे पैसा लपवलेला असणार म्हणून त्यांचा छळ केला गेला, पण त्यांच्याकडे खरोखरच काही नव्हते. तीन वर्षांपूर्वी, १५२४ साली, त्यांनी दारिद्र्याचे व्रत घेणारा थेआतिन संघ स्थापन केला होता. हे संत कायेतान, मूळचे विचेन्झाचे. ओल्ड गोव्याला फेस्ताला गेलेल्यांनी सेंट कॅजेटन चर्च पाहिले असेल. रोमच्या सेंट पीटर्ससारखा घुमट असलेले ते चर्च सतराव्या शतकात याच संघाच्या धर्मगुरूंनी बांधले. पुढच्या वेळी तिथे गुडघे टेकाल तेव्हा हे आठवेल.

दोष कोणाचा?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांच्या न्याय्य युद्धाच्या तीन अटी पाठ असायच्या. योग्य अधिकारी, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. गेऑर्गकडे पहिली अट होती, सम्राट हा अधिकारीच होता. दुसरीवर दोन्ही बाजू वाद घालू शकत होत्या. तिसरीविषयी देव जाणे. पण चौथा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. युद्धाचा खर्च कोण देणार, आणि दिला नाही तर कोणाच्या ताटातून जाणार?

संत लूकच्या शुभवर्तमानात (३:१४) शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानकडे येतात आणि आम्ही काय करावे असे विचारतात. योहान त्यांना तलवार टाकून द्या असे सांगत नाही. लोकांकडून जबरदस्तीने काही उकळू नका आणि आपल्या पगारात समाधान माना, असे सांगतो. शिपाईगिरी हे मुळातच पाप नाही, हे दाखवण्यासाठी संत ऑगस्टीन यांनी याच ओळीचा आधार घेतला. पण योहानच्या सांगण्यात एक गोष्ट गृहीत आहे, पगार मिळतो आहे ही. लेवीय ग्रंथ (१९:१३) मजुराची मजुरी रात्रभरसुद्धा आपल्याकडे ठेवू नये असे सांगतो आणि याकोबच्या पत्रात (५:४) तर थकवलेली मजुरी स्वतःच देवाकडे ओरडते. म्हणून रोमच्या लुटीचा दोष वाटायचा झाला तर लुटणाऱ्याचा वाटा पहिला, त्यात शंका नाही. उपासमारीने बलात्कार समर्थनीय होत नाही. पण माद्रिदपासून रोमपर्यंत ज्यांनी ज्यांनी दुसऱ्याच्या खांद्यावर खर्च टाकला, त्यांचे वाटेही हिशेबात येतात. क्लेमेंट पोपमहोदयांचासुद्धा, राजकारणाच्या खेळात उतरल्याबद्दल.

हे लिहिताना मला एक गोष्ट आठवून लाज वाटते. एका जुन्या धर्मग्रामात असताना बांधकाम चालू होते. देणग्या उशिरा आल्या आणि गवंड्यांचे पैसे दोन आठवडे थकले. मी मुकादमाला म्हणालो, "जरा धीर धरा, देवाचेच काम आहे." तो काही बोलला नाही. पण त्या आठवड्यात त्याने वाण्याकडून तांदूळ उधार आणले होते, हे मला नंतर कळले.

गेऑर्ग स्वतः काय म्हणत असे ते राइसनरने नोंदवले आहे. युद्धापासून माणसाने तीन गोष्टींमुळे दूर राहावे, असे तो म्हणे. एक, गरीब निरपराध लोकांचा होणारा नाश. दोन, शिपायांचे बेबंद, पापी जगणे. तीन, राजांची कृतघ्नता. उभे आयुष्य युद्धात घालवलेला माणूस हे सांगतो. तिसरी गोष्ट त्याने स्वतः भोगली. सम्राटासाठी काढलेले कर्ज घराण्याच्या गळ्यात राहिले. ऑगस्ट १५२८ मध्ये त्याला मिंडेलहाइमला आणले आणि २० ऑगस्टला तो वारला. वय ५४.

मुलगा कास्पारही सेनापती झाला आणि १५३६ साली तरुणपणीच गेला. कास्पारचा मुलगा, आजोबांचेच नाव असलेला गेऑर्ग, १५८६ साली वारला तेव्हा मागे मुलगा नव्हता आणि घराणे संपले. जहागिरीसाठी भांडणे लागली. मिंडेलहाइमला आज दर तीन वर्षांनी त्याच्या नावाने मोठा उत्सव होतो, मुले लँड्सक्नेख्टांचे रंगीबेरंगी कपडे घालून मिरवतात. त्याच्या नावाचा वाईट उपयोगही झाला. १९४३ साली हिटलरच्या एस. एस. दलाने एका रणगाडा तुकडीला 'फ्रुंड्सबर्ग' हे नाव दिले. नोबेल विजेते लेखक ग्युंटर ग्रास सतरा वर्षांचे असताना त्या तुकडीत होते, हे त्यांनी स्वतः २००६ साली सांगितले. मेलेल्या माणसाला आपले नाव परत मागता येत नाही.

राहिला दुसरा मुलगा, मेल्खिओर. तो वडिलांबरोबर इटलीत आला होता आणि वडील फेरारात अंथरुणावर असताना सैन्याबरोबर रोममध्ये शिरला. लुटीनंतर शहरात प्लेग पसरला. जानेवारी १५२८ मध्ये मेल्खिओर त्यात मेला. त्याची कबर रोममध्येच आहे, पिआत्सा नव्होनाजवळच्या सांता मारिया देल्ल आनिमा या जर्मन लोकांच्या चर्चमध्ये. त्याच चर्चमध्ये पोप सहावे एड्रियन यांची समाधी आहे. ख्रिस्तसभेत सुधारणा व्हायला हवी आणि चुकीची सुरुवात रोममधूनच झाली, हे लुटीच्या पाच वर्षे आधी त्यांनीच जर्मनांना कळवले होते. आपल्यापैकी कोणी रोमच्या यात्रेला जाणार असाल तर नव्होना चौकातून दोन मिनिटांची वाट आहे. तिथे आजही जर्मन भाषेत मिस्सा होते.

आपला,
धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू